बालवाडीचा इतिहास आणि कडेवरचं लेकरू

(वाशीम येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



एप्रिलमधलं वाशीमचं ऊन काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. संयोजकांनी सूर्य मावळल्यावर सभा ठेवली, त्याबद्दल त्यांचे आभार. पण एप्रिलचाच महिना निवडण्याला एक कारण आहे. १९ एप्रिल हा ताराबाई मोडक यांचा जन्मदिवस, साल १८९२. आणि २१ एप्रिल हा फ्रेडरिक फ्रोबेल यांचा जन्मदिवस, साल १७८२. मध्ये अंतर दोन दिवसांचं आणि एकशे दहा वर्षांचं. एकाने जर्मनीत 'किंडरगार्टन' हा शब्द घडवला, दुसरीने तो विचार आपल्या मातीत रुजवून 'बालवाडी' आणि 'अंगणवाडी' केली. अमेरिकेत २१ एप्रिल हा किंडरगार्टनचा दिवस म्हणून साजरा होतो. आपणही तो साजरा करू, पण हार-तुरे नुसते घालून नको. हा इतिहास नीट पाहिला तर तो आपल्यालाच काही प्रश्न विचारतो. ते प्रश्न ऐकायची तयारी ठेवून साजरा करू.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. आयुष्यभर कॉलेजात शिकवलं. आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा बालवाडीशी काय संबंध? खरं सांगतो, नोकरीत होतो तोवर मलाही तसंच वाटायचं. लहान पोरांना गाणी शिकवणं हा काय विचार करण्याचा विषय आहे, असं. माझी ही समजूत किती उथळ होती, ते मला निवृत्तीनंतर कळलं. ते कसं कळलं, तेही सांगणार आहे.

आधी प्लेटोकडे जाऊ. प्लेटोचा 'लॉज' नावाचा संवाद आहे, त्याच्या म्हातारपणचा. त्याच्या सातव्या भागात तो म्हणतो की तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी गावातल्या देवळापाशी एकत्र जमावं, दायांनी त्यांच्यावर लक्ष ठेवावं आणि मुलांनी तिथे खेळावं. खेळ त्यांना शिकवायची गरज नाही, एकत्र आली की मुलं आपणच खेळ शोधून काढतात, असंही तो सांगतो. तीन ते सहा! आज आपल्या अंगणवाडीच्या पूर्वशालेय शिक्षणाचा वयोगट नेमका हाच आहे. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. पण प्लेटोचा विचार पुस्तकातच राहिला. मधल्या सगळ्या शतकांत लहान मूल म्हणजे अपुरा माणूस, असंच धरून चाललं. मोठं होईपर्यंत त्याला सांभाळायचं, मोठं झालं की कामाला लावायचं.

१७६२ साली रूसोचं 'एमिल' आलं. बालपणाला स्वतःची किंमत आहे, मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे त्याने युरोपला ठासून सांगितलं. त्याच रूसोने स्वतःची पाचही मुलं अनाथाश्रमात टाकली होती. मुलांवर सुंदर विचार करणं वेगळं आणि मुलं सांभाळणं वेगळं. या विषयात हे दोन्ही हात बहुतेक वेळा वेगळ्या माणसांचे असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता फ्रोबेल. थुरिंगिया या जंगली, डोंगराळ भागात एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. वर्षाचाही झाला नव्हता, तेव्हा आई गेली. आईविना वाढलेल्या या पोराने पुढे आयांसाठीच खेळांचं आणि गाण्यांचं पुस्तक केलं. शिकायला येना विद्यापीठात गेला, पण पैशापायी शिक्षण अर्धवट राहिलं. जंगलखात्यात काम, मोजणीचं काम, स्वित्झर्लंडला पेस्टालोझीच्या शाळेत दोन वर्षं, मग बर्लिनला खनिजांच्या संग्रहालयात स्फटिक लावण्याचं काम. असं सगळं करत करत वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १८३७ साली, त्याने ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली. नाव सुचेना. १८४० साली सुचलं: किंडरगार्टन. मुलांची बाग.

त्याची साधनं बघा किती साधी. पहिली 'भेट', हो, तो साधनांना भेटवस्तूच म्हणायचा, म्हणजे रंगीत लोकरीचे मऊ चेंडू. दुसरी भेट म्हणजे लाकडी गोल, ठोकळा आणि नळकांडं. मग लहान लहान ठोकळ्यांत विभागलेले मोठे ठोकळे. आणि प्रत्येक मुलाला बागेत स्वतःचा छोटा वाफा. खेळ हा शिकण्यातला विरंगुळा नव्हे, या वयात खेळ हेच शिकणं, हे त्याचं म्हणणं. जॉन लॉक म्हणत होता की मन कोरी पाटी आहे, अनुभव तिच्यावर लिहितो. फ्रोबेल म्हणतो, पाटी नाही, बी आहे. पाटीवर दुसरा लिहितो. बी आपलं आपण उगवतं. माळी फक्त माती भुसभुशीत करतो, पाणी देतो आणि जनावरांपासून राखतो. आपण शेतकऱ्याची माणसं आहोत. सोयाबीनचं रोप वर ओढून लवकर वाढत नाही, हे आपल्याला कळतं. पोराच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

आणि इतक्या निरुपद्रवी गोष्टीचं काय झालं? १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेलचा एक पुतण्या कार्ल समाजवादी विचारांचा होता, सरकारने काका-पुतण्यात गल्लत केली असं सांगितलं जातं. पण नुसती गल्लत नसावी, असं माझं मत आहे. स्वतःच्या मनाने खेळणारं, निवडणारं मूल उद्या स्वतःच्या मनाने विचार करील, याची धास्ती प्रत्येक हुकूमशहाला असते. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० साली. पण त्या काळात जर्मनी सोडून गेलेल्या बायकांनी किंडरगार्टन इंग्लंडला नेलं, अमेरिकेला नेलं. बायकांनी, हे मी मुद्दाम म्हणतो. फ्रोबेलने शिक्षक म्हणून स्त्रियांना तयार केलं होतं.

अमेरिकेतून ते आपल्याकडे आणणाऱ्यांत पहिलं नाव घ्यायचं ते पंडिता रमाबाईंचं. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टनचं रीतसर शिक्षण घेतलं. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. विचार करा, त्या काळची एक विधवा ब्राह्मण कुळातली बाई, संस्कृत पंडिता, आणि ती परदेशात जाऊन शिकते काय, तर लहान मुलांना ठोकळ्यांनी कसं खेळवावं! आपल्याला 'पंडिता' आठवते, बालशिक्षिका आठवत नाही.

पुढे माँटेसोरी. १९०७ च्या ६ जानेवारीला रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं 'बालगृह' सुरू झालं. ते का सुरू झालं माहीत आहे? आईबाप कामावर जायचे, मागे राहिलेली पोरं इमारतीच्या भिंती आणि जिने खराब करायची. मालकांना इमारती राखायच्या होत्या! डॉक्टर माँटेसोरींनी त्या निमित्ताचं सोनं केलं. त्या १९३९ साली मद्रासला आल्या. महायुद्ध पेटलं, त्या इटलीच्या, म्हणून शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. मुलगा मारिओ काही काळ आपल्या अहमदनगरला स्थानबद्ध होता. परत जायला १९४६ उजाडलं. त्या वर्षांत त्यांनी शेकडो भारतीय शिक्षक तयार केले.

पण त्याआधीच गुजरातेत गिजुभाई बधेका नावाचा वकील वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आला होता. १९२० साली त्याने बालमंदिर काढलं. लोक प्रेमाने त्यांना 'मूछाळी मा', मिशीवाली आई, म्हणत. त्यांच्याकडे १९२३ साली एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या, त्या ताराबाई मोडक.

इथे आपल्या वऱ्हाडाचा संबंध येतो. ताराबाई मुंबईच्या, पदवीधर, सुधारक घरातल्या. लग्न झालं अमरावतीच्या वकिलाशी. लग्नानंतरची काही वर्षं त्या अमरावतीला होत्या. तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या, राजकोटच्या स्त्री-अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या आणि मग गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. सगळं छान चाललं होतं. नावलौकिक होता, शहरी पालक रांगा लावत होते.

आणि तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: हे खेड्यातल्या गरिबाच्या लेकराला कसं मिळणार? माँटेसोरीची साधनं महाग, इमारत महाग. गांधीजींचाही हाच आक्षेप होता. वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची मांडणी झाली, ती सुरुवातीला सात ते चौदा वयाची. पुढे गांधीजींनी तिचा आवाका जन्मापासून मरणापर्यंत वाढवला, आणि सेवाग्रामला शांताबाई नारुलकरांनी सात वर्षांखालच्या मुलांचं काम केलं. वर्धा आपल्यापासून किती लांब आहे? हा इतिहास आपल्या अंगणातलाच आहे.

ताराबाईंनी १९४५ साली दादर सोडून बोर्डी गाठली. तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर. सोबत आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेल्या. या दोघींनी बोर्डीत बालवाडी काढली. दलित वस्तीतली मुलं येईनात. का येत नव्हती हे तुम्हा-आम्हाला समजावून सांगायला हवं का? तेव्हा या दोघींनी ठरवलं, मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या दारात नेऊ. वस्तीत गेल्या, अंगण झाडलं, मुलांना आंघोळी घातल्या, गाणी सुरू केली. तीच अंगणवाडी. हा शब्द आज देशभर सरकारी कागदावर आहे, पण त्याचा जन्म अस्पृश्यतेला दिलेल्या उत्तरातून झाला, हे विसरू नये.

साधनं कुठली? शंख-शिंपले, चिंचोके, पानं, बिया, माती, काड्या. जर्मनीतल्या लाकडी ठोकळ्यांनी जे साधायचं ते चिंचोक्यांनी साधलं.

भाषेच्या अंगानेही बघा. 'वाडी' या शब्दाला मराठीत वस्ती असा अर्थ आहे आणि बाग असाही. आमच्या माय घरामागच्या वाडीत वांगी-मिरच्या लावायची. 'किंडरगार्टन'साठी 'बालवाडी' याहून चांगला शब्द सापडला नसता. बाग राहिली आणि गावही आलं. आज आपण तो शब्द टाकून पुन्हा 'केजी' म्हणतो. 'केजी'त ना बाग, ना वाडी. केजी म्हणजे किलोग्रॅम, आणि दप्तर पाहिलं की तेच खरं वाटतं.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली आदिवासींचा मुलूख. तिथे विकासवाडी उभी राहिली. मला ज्या ठिकाणी थांबायचं आहे ते हे ठिकाण. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मोठी मुलं, विशेषतः मुली, शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. आईबाप मजुरीला. मग धाकट्याला कोण बघणार? म्हणून ताराबाई-अनुताईंनी एकाच आवारात तीन गोष्टी ठेवल्या: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मुलगी येताना कडेवरचं लेकरू पाळणाघरात देईल, मधल्याला बालवाडीत सोडेल आणि स्वतः वर्गात बसेल. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षक कुरणावर गेले, तिला 'कुरणशाळा' म्हणत.

निवृत्तीनंतर अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचायला घेतलं. हे तिघांना एका आवारात आणण्याचं गणित समजलं आणि मी पुस्तक मिटून बसलो.

माझा जन्म १९५० च्या आगेमागे, आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात. तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो, हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. माय निंदणाला, बाप लोकांच्या वावरात. मी दीड-दोन वर्षांचा, आणि मला सांभाळायला माझी मोठी बहीण. आम्ही तिला बाई म्हणायचो. बाईचं नाव शाळेत घातलं होतं. मला कडेवर घेऊन ती पहिलीच्या वर्गात जाऊन बसली. मी रडलो असेन, काही घाण केली असेल. मास्तरांनी सांगितलं, लेकरू वर्गात आणायचं नाही. मास्तर काही दुष्ट नव्हते, त्यांच्यापुढे साठ पोरं होती. पंधरा दिवसांत बाईची शाळा संपली. पुढे मी सहा वर्षांचा झालो तेव्हा तीच मला हात धरून त्याच शाळेच्या दारापर्यंत सोडायला यायची, आणि दारातून परत जायची.

मी शिकलो. कांटच्या नीतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. कांट काय सांगतो? कुठल्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे. हे वाक्य मी चाळीस वर्षं वर्गात समजावून सांगितलं. आणि माझं सगळं शिक्षण ज्या सात वर्षांच्या पोरीला साधन करून झालं, तिचं नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशात नाही. मुद्दाम वगळलं असंही नाही. सुचलंच नाही. बाई आजही अंगठा लावते.

म्हणून मी म्हणतो, बालवाडीचा इतिहास हा फक्त तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा इतिहास नाही. तो त्या मुलाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या मुलीचाही इतिहास आहे. बालवाडी एका लेकराला खेळायला देते आणि दुसऱ्या लेकराला मोकळं करते. जिथे बालवाडी नसते, तिथे तिचं काम कोणीतरी करतच असतं, आणि ते बहुधा एखादी लहान मुलगी करते, फुकट.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, सुरुवातीला ३३ प्रकल्प. महाराष्ट्रातले पहिले दोन म्हणजे मुंबईची धारावी आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातली मेळघाटातली धारणी. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना आरोग्य-आहाराचं शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा. योजना मोठी आहे, तिने असंख्य लेकरं जगवली आहेत. पण त्या सहांपैकी शिक्षण हे कायम शेवटच्या पाटावर बसलं. लेकराचं वजन केलं, खिचडी दिली, रजिस्टर भरलं, मोबाईलवर माहिती भरली, की दिवस संपतो. गावात लोक अंगणवाडीला काय म्हणतात? 'खिचडीची शाळा'. यात सेविकेचा दोष नाही. एका बाईच्या डोक्यावर आपण किती टोपल्या ठेवणार?

दुसरीकडे शहरातली इंग्रजी केजी. माझा नातू चार वर्षांचा असताना एका शाळेतून शंभरपर्यंत आकडे लिहून आणण्याचा गृहपाठ घेऊन यायचा. बोटांत पेन्सिल धरण्याची ताकद यायची होती. रात्री तो बोटं चोळत बसायचा. तिथे फी भरपूर, पण खेळ नाही. म्हणजे गरिबाच्या वाट्याला खिचडी आणि श्रीमंताच्या वाट्याला घोकंपट्टी. फ्रोबेलची बाग दोघांनाही मिळाली नाही.

हेही सांगतो की फ्रोबेलच्या बाबतीतही असंच झालं होतं. त्याच्या अनुयायांनी त्या 'भेटी'ंचं कर्मकांड केलं. या दिवशी हाच ठोकळा, तो असाच ठेवायचा. जॉन ड्यूईने त्यावर टीका केली. तेव्हा पद्धतीची पूजा करून भागत नाही, तिच्यामागचा विचार रोज नव्याने जागा ठेवावा लागतो.

कायद्याचंही थोडक्यात बघू. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतल्यांसाठी मात्र राज्याने 'प्रयत्न करावा', एवढंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहाची गोष्ट बंधनकारक नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, हे चांगलं झालं. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. तोवर तिचं काम 'मानधना'चं, म्हणजे जणू हौसेचं. रूसोची गोष्ट आठवते ना? विचार करणाऱ्याला मान आणि सांभाळणारीला मानधन!

आपला जिल्हा २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. रस्ते, इमारती होतील. पण मानोरा, मंगरूळपीरच्या तांड्यांवर जाऊन बघा. दिवाळीनंतर माणसं कामाला बाहेर पडतात, ऊसतोडीला, वीटभट्टीवर, शहरातल्या बांधकामावर. लेकरू बरोबर जातं, आणि त्याला सांभाळायला त्याची बहीणही जाते. कोसबाडचा प्रश्न इथे अजून तसाच उभा आहे. शिवाय तांड्यावरचं लेकरू आईला 'याडी' म्हणतं, आणि अंगणवाडीतल्या तक्त्यावर 'आई' लिहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी त्याला वाटतं, आपली भाषा इथे चालत नाही. ताराबाईंची अंगणवाडी मुलाच्या दारात गेली होती. आपली अंगणवाडी त्याच्या भाषेच्या दारात जायला हवी.

तेव्हा साजरं कसं करायचं? माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. एक, रोज निदान दोन तास अंगणवाडीत निव्वळ खेळ, गाणी, गोष्टी, माती. त्या वेळात सेविकेला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. ग्रामपंचायत सदस्य इथे बसले असतील, त्यांनी हे मनावर घ्यावं. दोन, घरची बोली वर्गात चालू द्या. आज्यांना बोलवा, त्यांच्याकडे गाण्यांचा साठा आहे. तीन, लहानग्यांसाठी पाळणाघर, आणि तेही शेतीच्या हंगामात, कामाच्या वेळेत उघडं. अकरा ते दोन उघड्या राहणाऱ्या अंगणवाडीने निंदणाला गेलेल्या मायचा प्रश्न सुटत नाही, आणि घरी राहिलेल्या बहिणीचा तर नाहीच.

मागच्या वर्षी गावाला गेलो होतो. बाईचा पणतू अंगणवाडीत जातो. त्याला न्यायला बाई काठी टेकत गेली, मी सोबत. आत पोरं चिंचोक्यांनी काहीतरी मांडत होती. बाईने विचारलं, "काय शिकवतेत रे इथी?" मी म्हटलं, "खेळू देतात." ती म्हणाली, "मंग बरं हाय." थोडा वेळ पाहत राहिली. मग विचारलं, "अन् त्याची बहीन?" सेविकाताई म्हणाल्या, "ते शाळंत गेली, आजी. तिसरीत हाय."

मित्रहो, फ्रोबेल, माँटेसोरी, रमाबाई, गिजुभाई, ताराबाई, अनुताई या सगळ्यांच्या कामाचा हिशेब मला त्या एका उत्तरात मिळाला. प्रत्येक गावात, प्रत्येक तांड्यावर, तो प्रश्न विचारला तर हेच उत्तर यावं, एवढंच आपलं काम आहे.

आता प्रश्न विचारा. आधी सेविकाताईंना बोलू द्या, त्यांना या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.